घरगुती कज्ज्यांतून राजसत्तेपर्यंत : रोमन कायदा आणि आरंभीचा आधुनिक युरोप

रोमन नागरिकांनी लग्ने करावीत आणि मुले वाढवावीत म्हणून ऑगस्टसने दोन कायदे करवून घेतले, एक इसवी सनापूर्वी १८ मध्ये आणि दुसरा इसवी सन ९ मध्ये. अविवाहितांना आणि निपुत्रिकांना मृत्युपत्राने मिळणाऱ्या वारशावर या कायद्यांमुळे बंधने आली. सुमारे दोनशे वर्षांनी उल्पियन या विधिज्ञाने या कायद्यांवर भाष्य लिहिले. त्यात त्याने नोंदवले, की सम्राटाला कायदे बांधत नाहीत. सम्राज्ञीला बांधतात, पण सम्राट आपल्या सवलती तिलाही देतात. विषय होता राजघराण्यातल्या वारशाचा. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या पंडितांनी हे वाक्य भाष्यातून उचलले आणि कायद्याच्या सर्वसाधारण स्वरूपाविषयीच्या प्रकरणात बसवले. विवाहाचा संदर्भ गळून गेला आणि राजा सगळ्याच कायद्यांतून मुक्त असतो असा अर्थ उरला. १५७६ साली फ्रेंच विचारवंत झाँ बोदाँने सार्वभौम सत्तेची व्याख्या केली तेव्हा तिच्या गाभ्याशी हेच विधान होते.

साधारण १४५० ते १७५० या तीन शतकांतल्या युरोपीय विचारावर प्राचीन विधिविचाराचा ठसा किती आणि कसा उमटला, हा प्रश्न जुना आहे. हेन्री मेनने १८६१ मध्ये ‘एन्शंट लॉ’ लिहिले तेव्हापासून तो सतत चर्चेत आहे. पुष्कळांनी हा ठसा थोर कल्पनांमध्ये शोधला: नैसर्गिक कायदा, न्याय, माणसामाणसांतली समानता. त्या कल्पनांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण उपलब्ध अभ्यास एकत्र वाचला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. युरोपच्या राजकीय विचाराला खरे बळ मिळाले ते रोमच्या खासगी कायद्यातून. अज्ञान मुलाचा पालक, मुखत्यार, भागीदार, जमिनीचा ताबेदार, गुलामाचा मालक यांच्या भांडणांसाठी घडवलेले नियम राजाला, संसदेला, समुद्राला आणि परक्या खंडांना लावले गेले. त्यातून जे उदात्त निघाले आणि जे भयंकर निघाले, ते दोन्ही याच वाटेने आले.

प्रथम ग्रंथाविषयी. जस्टिनियनने मुख्यतः ट्रिबोनियन या मंत्र्याच्या देखरेखीखाली जुने कायदे एकत्र करवले. सम्राटांच्या आज्ञांचा ‘कोडेक्स’ ५२९ मध्ये निघाला आणि ५३४ मध्ये सुधारून पुन्हा निघाला. विधिज्ञांच्या मतांचा ‘डायजेस्ट’ आणि विद्यार्थ्यांसाठीचे ‘इन्स्टिट्यूट्स’ हे पाठ्यपुस्तक ५३३ मध्ये आले. पुढच्या काळातल्या नव्या आज्ञा वेगळ्या जमवल्या गेल्या. यांतला डायजेस्ट सर्वांत महत्त्वाचा. सम्राटाच्याच सांगण्याप्रमाणे तीस लाख ओळींचा मजकूर दीड लाख ओळींवर आणला गेला. त्याचे पन्नास खंड म्हणजे ३९ विधिज्ञांच्या लेखनातले उतारे, आणि त्यांतले सुमारे दोन पंचमांश एकट्या उल्पियनचे. मूळ पुस्तके त्यानंतर जवळजवळ सगळी नाहीशी झाली.

म्हणजे आरंभीच्या आधुनिक युरोपसमोर होता तो कापून जोडलेला रोम. गायसचे दुसऱ्या शतकातले पाठ्यपुस्तक, ज्यावरून जस्टिनियनचे पाठ्यपुस्तक बेतले गेले, ते नीबूर या इतिहासकाराला व्हेरोनामध्ये १८१६ साली सापडले. संत जेरोमच्या पत्रांसाठी त्याची शाई खरवडून टाकलेली होती. सिसेरोचा राज्यविचारावरचा संवाद अशाच खरवडलेल्या पानांतून १८१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये वाचला गेला. ग्रोशियस, हॉब्स, लॉक यांतल्या कोणीही ही दोन पुस्तके पाहिलेली नव्हती. त्यांच्यावर ‘प्राचीनांचा’ प्रभाव होता असे म्हणताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांचे प्राचीन जग आपल्यापेक्षा अरुंद होते, आणि त्यातल्या विधिज्ञांचे बोलणे सहाव्या शतकातल्या एका हुकूमशहाच्या कात्रीतून आलेले होते.

डायजेस्टची सहाव्या शतकातली एक प्रत पिसा शहरात होती. १४०६ साली फ्लोरेन्सने पिसा जिंकले आणि ही पोथी विजयाची खूण म्हणून नेली. त्याआधी तीनशे वर्षे, अकराव्या शतकाच्या अखेरीपासून, बोलोन्यात इर्नेरियस आणि त्याच्या शिष्यपरंपरेने डायजेस्टचे अध्ययन सुरू केले होते. तेराव्या शतकात अक्कुर्सियसने पिढ्यान्‌पिढ्यांच्या टीपा एकत्र करून त्यांची एकच महाटीका तयार केली. पुढे कित्येक न्यायालयांत मूळ वचनापेक्षा ही टीकाच प्रमाण मानली गेली.

या टीकाकारांना सर्वांत जास्त झुंजवले ते सत्तेच्या उगमाच्या प्रश्नाने. उल्पियनचेच आणखी एक वचन डायजेस्टमध्ये आहे: राजाच्या इच्छेला कायद्याचे बळ असते. पण ते तिथेच थांबत नाही. त्याचे कारणही तो देतो, की रोमन जनतेने आपली सगळी सत्ता एका कायद्याने त्याच्या हाती दिली आहे. वचनाचा पूर्वार्ध राजाच्या वकिलांनी पाठ केला, उत्तरार्ध प्रजेच्या वकिलांनी. दिलेली सत्ता परत घेता येते का? जनतेने ती कायमची देऊन टाकली, की सांभाळायला दिली? बाराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट सहाव्या हेन्रीने दोन विधिज्ञांना विचारले, की सर्वोच्च सत्ता कोणाची? लोथारने उत्तर दिले, फक्त सम्राटाची. आझोचे म्हणणे पडले, की ती वरिष्ठ अधिकाऱ्यांचीही आहे. लोथारला एक घोडा बक्षीस मिळाला. आझोने ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आणि आपले मत बदलले नाही.

चौदाव्या शतकात बार्तोलस या विधिज्ञाने या वादाला इटलीच्या शहरांकडे वळवले. ती शहरे नावाला सम्राटाच्या अंमलाखाली, व्यवहारात स्वतंत्र. बार्तोलसने वस्तुस्थिती मान्य केली आणि तिला कायद्याची भाषा दिली: जे शहर आपल्यावर कोणी वरिष्ठ मानत नाही, ते स्वतःच आपला राजा आहे. याच शतकात, १३४७ साली, कोला दी रिएन्झोने रोममध्ये एक ब्राँझचा पत्रा लोकांसमोर मांडला. सम्राट व्हेस्पेशियनला इसवी सन ६९-७० च्या सुमारास अधिकार देणाऱ्या कायद्याचा तो तुकडा होता. ऑगस्टस, तिबेरियस आणि क्लॉडियस ज्या कायद्यांतून मुक्त होते, त्यांतून व्हेस्पेशियनही मुक्त असेल, असे त्यावर कोरलेले आहे. म्हणजे राजाची मुक्तता ठराविक कायद्यांपुरती होती आणि ती दुसऱ्याने दिलेली होती. हा पत्रा आज रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयात आहे. निरंकुश सत्तेच्या समर्थकांनी त्याचे वाचन गंभीरपणे केले असते, तर सोळाव्या शतकातले पुष्कळ ग्रंथ वेगळे लिहावे लागले असते.

खासगी कायद्यातून राजकीय तत्त्व कसे उगवते याचे सगळ्यात बोलके उदाहरण पालकत्वाचे आहे. एका अज्ञान मुलाला एकाहून अधिक पालक असतील आणि कारभार वाटलेला नसेल, तर तो एकत्र कारभार मोडायला सगळ्यांची संमती लागते. जे सर्वांना लागू पडते त्याला सर्वांची मान्यता हवी, असे जस्टिनियनने ५३१ मध्ये ठरवून दिले. धर्मपीठाच्या कायदेपंडितांनी हा नियम बिशपांच्या सभांना लावला. १२९५ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने धर्मगुरूंना संसदेसाठी पाठवलेल्या आमंत्रणात तो आला. कर घ्यायचा तर कर देणाऱ्यांची संमती हवी, हा विचार सोळाव्या-सतराव्या शतकांत जिथे जिथे मांडला गेला, तिथे या नियमाची आठवण निघत राहिली. पोरक्या मुलाच्या मालमत्तेचे रक्षण हा त्याचा मूळ हेतू होता.

फ्रान्समधल्या धर्मयुद्धांच्या काळात हे सगळे एकदम पेटले. २४ ऑगस्ट १५७२ च्या संत बार्थोलोम्यूच्या दिवशी पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली. पुढच्या सात वर्षांत तीन ग्रंथ निघाले. फ्रान्स्वा ओत्मानच्या १५७३ मधल्या ग्रंथाने फ्रान्सच्या राजाला प्राचीन काळी जनसभा निवडत असे असा दावा केला. बोदाँचा १५७६ मधला ग्रंथ अविभाज्य सत्तेचा. आणि १५७९ मध्ये एका टोपणनावाने निघालेला, जुलमी राजांविरुद्धचा ग्रंथ. या तिसऱ्यात खासगी कायदा पानोपानी भेटतो. राज्य ही राजाची वडिलोपार्जित मालमत्ता नव्हे, राजा तिचा कारभारी आहे. प्रजा ही कधी न मरणारी संस्था आहे, म्हणून कितीही वर्षांची वहिवाट दाखवली तरी तिचे हक्क बुडत नाहीत. एका पालकाने अफरातफर केली तर इतर पालकांनी त्याला अडवलेच पाहिजे. डॅनियल ली यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात लोकसार्वभौमत्वाची कल्पनाच या खासगी कायद्याच्या कारागिरीतून घडली असे साधार दाखवले आहे. मला त्यांचे प्रतिपादन पटते.

बोदाँला केवळ निरंकुशतेचा पुरस्कर्ता समजणे अन्यायाचे आहे. तो तुलूझमध्ये रोमन कायदा शिकलेला आणि शिकवलेला. एकट्या रोमच्या कायद्यावरून सर्व मानवजातीचे नियम काढणे त्याला चुकीचे वाटे. त्याचा राजा स्वतःच्या कायद्यांना बांधलेला नाही. पण ईश्वरी आणि नैसर्गिक कायद्याला, आपण केलेल्या करारांना आणि प्रजेच्या मालमत्तेला बांधलेला आहे. संमतीवाचून कर लादण्याचा हक्क तो राजाला देत नाही. गुलामगिरीविरुद्ध त्याने जे लिहिले, ते त्याच्या काळात फार थोड्यांनी लिहिले.

याच काळात आणखी एक शक्ती काम करत होती: भाषापंडितांची. लोरेन्झो व्हाल्लाने पंधराव्या शतकात बार्तोलसच्या लॅटिनवर हल्ला चढवला. १५०८ साली ग्योम ब्युदेने डायजेस्टवर टिपणे प्रसिद्ध केली, अल्चातोने इटली आणि फ्रान्समध्ये ही पद्धत शिकवली, आणि बूर्झ विद्यापीठात झाक क्युजासने ती कळसाला नेली. कोणते वचन कोणत्या विधिज्ञाचे, कोणत्या भाष्यातले, ट्रिबोनियनने त्यात कुठे हात घातला, हे त्यांनी शोधले. हेतू होता शुद्ध रोमन कायदा परत मिळवण्याचा. घडले ते उलट. मूळ संदर्भ जितका स्पष्ट झाला, तितका हा कायदा एका विशिष्ट लोकांचा, विशिष्ट काळाचा दिसू लागला. ओत्मानने १५६७ मध्ये लिहिलेल्या आणि १६०३ मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात सरळ विचारले, की जे पद आणि जी न्यायसभा फ्रान्समध्ये कधी नव्हती, त्यांचे नियम फ्रेंच विद्यार्थ्यांनी का घोकावेत? फ्रान्सने स्वतःची संहिता लिहावी. डोनाल्ड केली यांच्या मते आधुनिक इतिहासलेखनाचा एक उगम या कायद्याच्या वर्गांत आहे, आणि हा प्रभाव मला सिद्धांतांच्या प्रभावाइतकाच मोलाचा वाटतो. पॅरिसमध्ये मात्र रोमन कायदा शिकवायला बंदी होती. पोपने १२१९ मध्ये घातलेली ती बंदी चौदाव्या लुईने १६७९ मध्ये उठवली.

जर्मनीत रोमन कायदा वादविवादातून नव्हे, न्यायालयातून आत आला. १४९५ मध्ये साम्राज्याचे सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा निम्मे न्यायाधीश रोमन कायद्याचे पदवीधर असावेत असे ठरले. खालची न्यायालये हळूहळू त्याच वळणावर गेली. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या उठावात तयार झालेल्या एका मसुद्यात या कायदेपंडितांना न्यायालयातून काढून टाका अशी मागणी होती. सम्राट लोथारने हा कायदा जर्मनीवर लागू केला ही आख्यायिका हेरमान कॉनरिंगने १६४३ मध्ये खोटी ठरवली.

इंग्लंडची गोष्ट आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना जास्त परिचयाची. तिथल्या वकिलांची ठाम समजूत होती की आपला कायदा स्मरणापलीकडच्या काळापासून चालत आलेला, बाहेरून काही न घेतलेला आहे. जे. जी. ए. पोकॉक यांनी १९५७ मध्ये या समजुतीचे वर्णन केले, पण ती पूर्ण खरी नव्हती. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या ग्रंथाने आझोकडून भरपूर घेतले होते. आठव्या हेन्रीने १५४० च्या सुमारास ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये रोमन कायद्याची अध्यासने निर्माण केली. इटलीतून परागंदा झालेला आल्बेरिको जेंटिली १५८७ मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि त्याने १५९८ मध्ये युद्धाच्या कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तरी संशय कायम होता. केंब्रिजच्या जॉन कॉवेलने १६०७ च्या आपल्या शब्दकोशात राजाला कायद्याच्या वर बसवले, तेव्हा संसद खवळली आणि १६१० मध्ये त्या कोशावर बंदी आली.

आता समुद्र आणि परके खंड. इथे आपला संबंध सरळ येतो.

१५३९ साली सालामान्का विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने अमेरिकेतल्या लोकांविषयी व्याख्यान दिले. रोमन कायद्यात रानटी प्राणी, पक्षी, मासे यांना मालक नसतो. जो प्रथम धरील तो मालक. स्पेनचा दावा होता की आम्ही नवे जग शोधले. व्हितोरियाने म्हटले, की हा नियम बेवारशी वस्तूंचा आहे. त्या भूमीला मालक होते, खासगीही आणि सार्वजनिकही. सम्राट जगाचा स्वामी आहे हा दावाही त्याने फेटाळला. एवढ्यावर तो थांबता तर त्याची योग्यता निर्विवाद ठरली असती. पण त्याने सर्व लोकांना समान असलेल्या कायद्याच्या रोमन कल्पनेतून प्रवासाचा आणि व्यापाराचा हक्क काढला. समुद्र, किनारे, बंदरे सर्वांची. स्पॅनिश व्यापाऱ्यांना विनाकारण अडवले तर ते युद्धाचे न्याय्य कारण होऊ शकते. पुढच्या दाराने बाहेर काढलेला विजेता मागच्या दाराने आत आला. व्हितोरियाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून गौरवणाऱ्या पुस्तकांत हा भाग बहुधा घाईने उरकलेला असतो.

२५ फेब्रुवारी १६०३ रोजी सिंगापूरजवळ याकोब व्हान हेम्सकर्क या डच कप्तानाने मकाऊहून निघालेले ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. ॲम्स्टरडॅमला मालाचा लिलाव झाला आणि तीस लाखांहून अधिक गिल्डर आले. ही चाचेगिरी की न्याय्य लूट? डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लिहिण्याचे काम तरुण ह्यूगो ग्रोशियसकडे आले. त्याच्या मोठ्या ग्रंथाचे हस्तलिखित १८६४ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते; त्यातले एक प्रकरण मात्र १६०९ मध्ये समुद्राच्या मुक्ततेवरची पुस्तिका म्हणून निनावी छापले गेले. तिचा सगळा डोलारा डायजेस्टमधल्या काही ओळींवर आहे. मार्शियन या विधिज्ञाने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा या गोष्टी निसर्गतः सर्वांच्या आहेत असे सांगितले होते. प्रश्न होता किनाऱ्यावर झोपडी बांधणाऱ्याचा आणि मासे धरणाऱ्याचा. ग्रोशियसने त्या ओळींवर हिंदी महासागर तोलला. समुद्रावर ताबा घेता येत नाही, म्हणून मालकी नाही. पोपची देणगी निरर्थक. आणि पूर्वेकडच्या लोकांना स्वतःचे राजे, स्वतःचे कायदे आहेत, तेव्हा शोधाचा दावाही फोल.

ज्या सत्तेविरुद्ध हे लिहिले गेले, तिची पूर्वेकडची राजधानी गोवा होती. परवाना घेतल्याशिवाय आशियाई जहाजांनी फिरू नये, परवाना घेणाऱ्यांनी पोर्तुगीज बंदरांत जकात भरावी, ही पोर्तुगीजांची ‘कार्ताझ’ पद्धत कोकण किनाऱ्याने शतकभर सोसली होती. शिवाजी महाराजांच्या आरमारालाही तिच्याशी सामना करावा लागला आणि कान्होजी आंग्र्यांनी तर स्वतःचे दस्तक देऊन तोच अधिकार आपल्याकडे घेतला. पोर्तुगीजांच्या बाजूने १६२५ मध्ये सेराफिम दे फ्रैताश या व्हायादोलिदच्या प्राध्यापकाने उत्तर दिले. त्याचेही प्रमाण रोमन कायदाच: समुद्राची मालकी मिळत नसेल, पण दीर्घ वहिवाटीने नौकानयनाचा आणि त्यावर देखरेखीचा हक्क मिळतो. जॉन सेल्डनने १६३५ मध्ये इंग्लंडसाठी तिसरी बाजू मांडली. त्याआधीच १६१३ मध्ये लंडनच्या वाटाघाटींत इंग्रजांनी मुक्त समुद्राचा सिद्धांत ग्रोशियसच्या तोंडावर फेकला होता, आणि ग्रोशियस स्वतः मसाल्याच्या बेटांवरच्या राजांशी डचांनी केलेल्या मक्तेदारीच्या करारांचे समर्थन करत होता. करार पाळलेच पाहिजेत, हेही रोमन प्रमाणच.

मद्रास विद्यापीठात शिकवलेले सी. एच. अलेक्झांड्रोविच यांनी १९६७ मध्ये असे मांडले, की हिंदी महासागरातल्या खुल्या व्यापाराच्या जुन्या रूढीने ग्रोशियसचा विचार घडवला. आपल्याला हे मत आवडणारे आहे. ग्रोशियसच्या पानांवर मात्र मार्शियन, उल्पियन, सेल्सस आणि स्पॅनिश विधिज्ञ वास्केझ दिसतात. आशियाई रूढी येते ती पोर्तुगीज इथे पहिले नव्हते याचा पुरावा म्हणून. बेंजामिन स्ट्राउमान यांनी २०१५ मध्ये ग्रोशियसच्या नैसर्गिक हक्कांची मुळे रोमन खासगी कायद्यात आणि सिसेरोत दाखवली, ती बाजू पुराव्याने जड आहे. ब्रायन टियर्नी यांचा मुद्दाही विसरता येत नाही: बाराव्या शतकातल्या चर्चच्या कायदेपंडितांनी हक्कांची भाषा आधीच घडवली होती, आणि रोमचे बरेचसे ऋण त्यांच्या हातून युरोपला पोचले.

या सगळ्या विषयात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग गुलामगिरीचा आहे. जस्टिनियनच्या पाठ्यपुस्तकाची व्यक्तींविषयीची पहिलीच विभागणी अशी: सर्व माणसे एक तर स्वतंत्र असतात किंवा गुलाम. फ्लोरेंटिनसने गुलामगिरीची व्याख्या करताना मान्य केले, की एका माणसाला दुसऱ्याच्या मालकीत आणणारी ही प्रथा निसर्गाविरुद्ध आहे आणि तरी सर्व लोकांच्या कायद्यात ती आहे. नैसर्गिक कायद्याने सारी माणसे समान, असे उल्पियनही लिहितो. ही वाक्ये लिहिणारे विधिज्ञ रोज गुलामांच्या विक्रीतले दोष, पळालेला गुलाम, गुलाम स्त्रीचे मूल यांवर निकाल देत होते. निसर्ग एक सांगतो, कायदा दुसरे सांगतो, आणि निकाल कायद्याने द्यायचा, ही शिस्त त्यांनी युरोपला शिकवली.

या विभागणीतून सतराव्या शतकातली इंग्रजी स्वातंत्र्याची भाषा निघाली, हे क्वेंटिन स्किनर यांचे प्रसिद्ध प्रतिपादन, १९९८ च्या त्यांच्या छोट्या पुस्तकात मांडलेले. रोमन कायद्यात गुलाम म्हणजे साखळीत असलेलाच माणूस असे नाही. मालक दयाळू असेल, गुलाम खाऊनपिऊन सुखी असेल. तरी दुसऱ्याच्या मर्जीखाली जगतो म्हणून तो गुलाम. १६२८ च्या संसदेत राजाच्या कैदेत टाकण्याच्या अधिकारावर बोलताना सदस्यांनी हेच म्हटले, की राजाला मनाला येईल तेव्हा तुरुंगात टाकता येत असेल, तर त्याने टाकले नाही तरी आपण वेठबिगार आहोत. हेन्री पार्कर, मिल्टन, हॅरिंग्टन, १६८३ मध्ये शिरच्छेद झालेला आल्जर्नन सिडनी, या सगळ्यांच्या लेखनात हा धागा आहे. हॉब्सने १६५१ मध्ये त्याच्याशी भांडण मांडले: अडथळा नसणे म्हणजे स्वातंत्र्य, राजा कोणता याचा त्याच्याशी संबंध नाही. स्किनर यांचे वाचन मला मूलतः बरोबर वाटते. मर्जीखाली जगण्यातला अपमान जात, घर आणि नोकरी यांत अनुभवलेल्या कोणालाही ते समजावून सांगावे लागत नाही.

पण त्याच दशकांत तीच पाने अटलांटिकपलीकडे वेगळ्या कामाला लागली होती. इंग्रजी रूढीप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरे. १६५६ मध्ये व्हर्जिनियात एलिझाबेथ की या स्त्रीने आपला बाप इंग्रज होता या आधारावर स्वातंत्र्य मिळवले. १६६२ मध्ये तिथल्या विधानसभेने मुलाचा दर्जा आईवरून ठरेल असा कायदा केला, आणि हा गुलामांविषयीचा जुना रोमन नियम. गुलाम स्त्रीवर मालकाने केलेल्या अत्याचारातून जन्मलेले मूल आता त्याची मालमत्ता ठरले. फ्रान्सच्या १६८५ च्या गुलामांविषयीच्या संहितेने त्यांना जंगम मालमत्तेत घातले. ग्रोशियसने १६२५ च्या आपल्या थोर ग्रंथात माणूस स्वतःला विकू शकतो असे मान्य केले आणि एक अख्खे राष्ट्रही तसे करू शकते असे जोडले. लॉकने राजाच्या मर्जीखालच्या जगण्याला गुलामगिरी म्हटले. कॅरोलिना वसाहतीच्या १६६९ च्या ज्या घटनेने स्वतंत्र माणसाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता दिली, तिच्या मसुद्यातही त्याचा हात होता.

रोमने एक गोष्ट दिली होती जी युरोपने बहुतेक ठिकाणी घेतली नाही. रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम सामान्यतः स्वतः नागरिक होई, आणि गुलामगिरी वर्णावर ठरत नसे. वसाहतवाल्यांनी मालकीचे नियम उचलले आणि बाहेर पडण्याची वाट अरुंद केली. स्किनर यांच्या पठडीतल्या अभ्यासकांनी स्वातंत्र्याच्या बाजूवर जेवढी पाने खर्च केली, तेवढी या बाजूवर केलेली नाहीत, ही माझी त्यांच्याविषयीची खरी तक्रार आहे. एकच पुस्तक संसदेत आणि मळ्यात वाचले गेले, तर त्याचा इतिहासही एकत्रच लिहिला गेला पाहिजे.

रोमशिवाय दुसरे प्राचीन कायदेही होते. स्पार्टाच्या राजांवर नजर ठेवणाऱ्या एफर अधिकाऱ्यांचे उदाहरण कॅल्व्हिनने जुलमाला आळा घालण्याच्या संदर्भात दिले आणि त्याच्या अनुयायांनी ते लांबवर नेले. मोझेसच्या कायद्याचा अभ्यास सिगोनियोने १५८२ मध्ये, कुनेउसने १६१७ मध्ये आणि सर्वांत खोलवर सेल्डनने १६४० मध्ये केला. नोआच्या वंशजांना, म्हणजे साऱ्या मानवजातीला दिलेल्या आज्ञांत त्याला नैसर्गिक कायदा दिसला. एरिक नेल्सन यांनी २०१० मध्ये या हिब्रू वाचनाला जमीनवाटप आणि धर्मसहिष्णुतेच्या विचारांचे श्रेय दिले. त्यांनी बाजू थोडी ताणली आहे असे वाटते, पण एका विसरलेल्या ग्रंथसंग्रहाचे दार त्यांनी उघडले हे नक्की.

छळाने कबुलीजबाब घेण्याची रीतही रोमन प्रमाणांनी झाकली गेली. उल्पियनने त्याच डायजेस्टमध्ये बजावले होते, की यातनांतून निघणारा पुरावा नाजूक, धोक्याचा आणि फसवा असतो. चेटकिणींच्या खटल्यांत हा इशारा क्वचितच ऐकला गेला. १७६४ मध्ये बेकारियाने शिक्षेवरच्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच राग व्यक्त केला, की बाराशे वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलमध्ये राज्य केलेल्या एका राजाने जमवलेले जुन्या जेत्यांचे अवशेष अजून युरोपचा कायदा म्हणून चालतात. पण त्याच वेळी फ्रान्समध्ये दोमा आणि पोतिए यांनी रोमन खासगी कायद्याची पुनर्मांडणी करून ठेवलेली होती आणि १८०४ ची नेपोलियनची संहिता तिच्यावर उभी राहिली.

त्या कुळातली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. वारशाविषयीच्या तिच्या तरतुदींची जागा आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्याने घेतली आहे, पण त्यांचा सांगाडा तोच आहे. गोव्यातला माणूस मृत्युपत्राने आपली सगळी मालमत्ता हवी त्याला देऊ शकत नाही. अर्धा वाटा मुलांचा राखीव असतो. मुलांचा असा राखीव वाटा रोमन न्यायालयांत आधी एक चतुर्थांश होता. जस्टिनियनने ५३६ मध्ये तो वाढवला: चारपर्यंत मुले असतील तर एक तृतीयांश, त्याहून जास्त असतील तर निम्मा.